राज्यशास्त्राचा विद्यार्थी आणि इंग्रजीतला 'द'

आपल्याकडे इंग्रजी येणे म्हणजे इंग्रजी बोलता येणे, असा पक्का समज आहे. तालुक्याच्या गावातही स्पोकन इंग्लिशच्या पाट्या दिसतात. फाडफाड बोलणारा मुलगा हुशार आणि अडखळणारा मागे पडलेला, हे आपण पाहता क्षणी ठरवून टाकतो. नोकरीच्या मुलाखतीपुरते ते चालूनही जाईल. पण राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध शिकणाऱ्या मुलामुलींना लागणारे इंग्रजी निराळे आहे. त्याची पाटी मी अजून कुठे पाहिलेली नाही.

ते इंग्रजी कोणते, हे एका उदाहरणाने सांगतो. पॅलेस्टाईनबद्दल आपल्या समाजात भरपूर बोलले जाते. जुम्म्याला दुआ होते, सभा होतात, मोबाईलवर व्हिडिओ फिरतात. ही तळमळ खरी आहे. पण सुरक्षा परिषदेने २२ नोव्हेंबर १९६७ रोजी एकमताने मंजूर केलेला ठराव क्रमांक २४२ आपल्यापैकी किती जणांनी मुळातून वाचला आहे? जेमतेम पानभराचा तो मजकूर आहे. इस्रायलने युद्धात व्यापलेल्या प्रदेशातून सैन्य मागे घ्यावे, असे त्यात म्हटले आहे. इंग्रजीत शब्द आहेत 'फ्रॉम टेरिटरीज ऑक्युपाइड'. 'टेरिटरीज'च्या आधी 'द' नाही. इस्रायलची बाजू मांडणारे म्हणतात, 'द' नाही, म्हणजे सगळ्या प्रदेशातून माघार अपेक्षित नाही. अरब देश ठरावाच्या प्रस्तावनेकडे बोट दाखवतात. युद्धाने भूमी मिळवणे अमान्य आहे, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. शिवाय फ्रेंच मजकुरातून सगळे प्रदेश असाच अर्थ निघतो, हेही ते सांगतात. त्या एका शब्दावरून इतकी वर्षे वाद चालू आहे. मसुद्यावर काम करणाऱ्यांनी नंतर सांगितले, की तो शब्द नजरचुकीने सुटलेला नव्हता.

याच ठरावात निर्वासितांच्या प्रश्नाचा उल्लेख आहे, पण 'पॅलेस्टिनी' हा शब्द कुठेच नाही. एका अख्ख्या कौमचे नावच कागदावर नाही. भाषण ऐकून हे कळत नाही, कागद वाचावा लागतो.

दुसरे उदाहरण २०१५च्या पॅरिस हवामान कराराचे. अगदी शेवटच्या दिवशी अमेरिकेच्या लक्षात आले, की विकसित देशांच्या उत्सर्जन कपातीच्या कलमात 'शॅल' पडले आहे. तिला 'शुड' हवे होते. 'शॅल'ने कायदेशीर बंधन येते, 'शुड'ने फक्त अपेक्षा व्यक्त होते. तांत्रिक दुरुस्ती म्हणून तो शब्द बदलला गेला, तेव्हा कुठे करार मंजूर झाला. आपल्या शाळेत 'शॅल' आणि 'शुड' हे व्याकरणाच्या तक्त्यातले दोन शब्द असतात. तिथे मात्र त्यांच्यावर श्रीमंत देशांची जबाबदारी टांगलेली होती.

म्हणून माझे म्हणणे असे, की या विषयाच्या विद्यार्थ्याचे प्रगत इंग्रजी म्हणजे जड शब्दांचे पाठांतर नव्हे आणि परदेशी उच्चार तर नव्हेच. लहान शब्द सावकाश वाचण्याची सवय म्हणजे प्रगत इंग्रजी. सुरक्षा परिषद 'निर्णय घेते' की 'आवाहन करते', 'निषेध करते' की नुसता 'खेद व्यक्त करते', हा फरक ज्याला दिसतो त्याला राजकारण दिसते.

इथे मराठी आणि उर्दू माध्यमातल्या मुलांची एक खरी अडचण आहे. आपल्या भाषांत 'द' नाही. "पुस्तक दे" म्हटले की कोणते पुस्तक ते संदर्भावरून कळते. त्यामुळे इंग्रजी वाचताना आपली नजर 'द'वरून घसरून जाते. पण ज्या मुलाने लहानपणी मौलवीसाहेबांकडे अरबी गिरवली आहे, त्याच्या हाताशी एक किल्ली आहे. अरबीत 'किताब' म्हणजे एखादे पुस्तक आणि 'अल-किताब' म्हणजे ते ठरावीक पुस्तक. 'अल्हम्द'मधला 'अल' तो रोज उच्चारतो. त्याला हे कोणी समजावून सांगितले, तर इंग्रजीतला 'द' परका वाटणार नाही. घरात दखनी किंवा कोकणी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी आणि मकतबमध्ये अरबी ऐकणाऱ्या मुलाला आपण भाषेत कच्चा म्हणतो, याचे मला नवल वाटते.

इंग्रजी शिकायची म्हणजे मराठी टाकायची, हेही मला मान्य नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्यांनी आपले मोठे ग्रंथ इंग्रजीत लिहिले आणि 'मूकनायक' व 'बहिष्कृत भारत' मराठीत काढले. सत्तेशी तिच्या भाषेत आणि आपल्या माणसांशी आपल्या भाषेत बोलायचे, हा त्यातला धडा. त्याच कोलंबियात पुढे एडवर्ड सईद इंग्रजी साहित्य शिकवत होते. पॅलेस्टाईनची बाजू पश्चिमेला त्यांनी ऐकवली ती तिच्याच भाषेत आणि तिचे ग्रंथ बारकाईने वाचून.

आपल्या अनेक विद्यापीठांत राज्यशास्त्राचे एम.ए. मराठीतून करता येते. ही सोय टिकलीच पाहिजे. पण मराठीत पेपर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यानेही आठवड्याला एक मूळ कागद इंग्रजीत वाचावा. संयुक्त राष्ट्रांचे ठराव इंटरनेटवर फुकट मिळतात. त्यातला एक परिच्छेद मराठीत उतरवावा. दोन दिवसांनी मूळ न पाहता तो पुन्हा इंग्रजीत करावा आणि मग दोन्ही शेजारी ठेवावेत. कोणता शब्द सुटला, कोणता बदलला, ते आपोआप दिसेल. मोहल्ल्यातल्या वाचनालयात चार मुलांनी मिळून हे केले तर फी लागत नाही.

आपल्याबद्दलचे निर्णय ज्या कागदांवर होतात, ते आपल्या मुलांना वाचता आले नाहीत, तर त्यांचा अर्थ दुसरेच कोणी सांगणार आणि आपण माना डोलावणार. आणखी एक वक्ता तयार करण्यापेक्षा असा एक वाचक तयार करणे मला आज जास्त गरजेचे वाटते.