पोराच्या रूमचा करारनामा : सही करण्याआधी बापाने काय वाचायचं?

जालना : बारावीचा निकाल लागला की भोकरदन, जाफराबाद, मंठा, परतूर, घनसावंगीकडची पोरं-पोरी छत्रपती संभाजीनगर नाहीतर पुण्याची वाट धरतात. सरकारी वसतिगृहात नंबर लागला तर ठीक, नाहीतर भाड्याची रूम. फीची, मेसची चौकशी चार ठिकाणी होते. करारनाम्यावर मात्र बाप उभ्या-उभ्या सही करतो आणि परतीची बस पकडतो. डिपॉझिट परत मागायला गेलं, की त्याच कागदातली एखादी ओळ आडवी येते.

हा कागद बहुतेक वेळा 'लिव्ह अँड लायसन्स'चा असतो. म्हणजे ठराविक दिवस राहायची परवानगी. कुळासारखा हक्क यात लागत नाही. मुदत संपून रूम सोडली नाही तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 प्रमाणे दुप्पट भाडं द्यावं लागू शकतं. आणि लेखी करारात जे लिहिलंय तेच पक्कं धरलं जातं. मालक तोंडाने "असू द्या काका, पोरगं आपलंच आहे" म्हणाला असेल, पण कागदावर नसेल तर त्यावर विसंबून चालत नाही.

11 महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, असं गावोगाव ऐकायला मिळतं. आपल्या राज्यात ते चूक आहे. कलम 55 सांगतं की करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. असा करार नसताना वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य. ते खोटं असल्याचं मालकाने दाखवायचं. तरी नोटरीचा बाँड करून काम उरकलं जातं. का, तर खर्च वाचतो म्हणे.

खर्च बघा. सहा हजार भाडं, बारा हजार डिपॉझिट, 11 महिने. भाड्याचे झाले 66 हजार. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, ते 1,100. या 67,100 वर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे दोनशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी एक हजार. ऑनलाइन करून देणारा आपली मजुरी वेगळी घेतो, ती आधी विचारावी. दोघांनी निम्मं-निम्मं केलं तर फवारणीच्या एका औषधाच्या बाटलीएवढा हा खर्च.

कागद पक्का नसेल तर मोठं नुकसान दुसरीकडेच होऊ शकतं. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून पुण्यात वर्षाला 60 हजार, छत्रपती संभाजीनगरात 51 हजारांपर्यंत मदत आहे. तिथे भाड्याने राहत असल्याचा पुरावा लागतो.

आता अटी. सगळ्यात आधी 'लॉक-इन' शोधा. सहा महिन्यांचा लॉक-इन असेल आणि पोराचा नंबर तिसऱ्या फेरीत दुसऱ्या शहरात लागला, तर उरलेल्या महिन्यांचं भाडं मागितलं जातं. प्रवेशाच्या फेऱ्या सुरू असताना ही अट एका महिन्यावर आणून घ्यावी. मालक ऐकत नसेल तर रूम दुसरी बघावी. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार आणि त्यातून कशाकशाचे पैसे कापणार, हे आकड्यात लिहून घ्या. 'रंगरंगोटीचा खर्च' एवढंच मोघम लिहिलं असेल तर रक्कम टाकायला लावा. लाइट बिल मीटरप्रमाणे की माणशी, हेही त्यातच. भाड्याची पावती मागायला लाजू नये, ती देणं मालकावर कायद्यानेच आहे. भांडण झालं म्हणून पाणी-लाइट तोडणंही कलम 29 ने बंद आहे.

तीन मित्र मिळून फ्लॅट घेतात आणि सही एकाचीच असते. मग दोघं मध्येच गेले तरी मालक पूर्ण भाडं त्या एकालाच मागतो. तिघांचीही नावं टाकावीत. अकरावी-बारावीचं, नीटच्या क्लासचं लेकरू 18 वर्षांखालचं असेल तर त्याच्या सहीचा करार चालत नाही, सही बापाची किंवा आईची हवी.

सही झाली की नोंदणी झालेल्या कराराची प्रत मोबाइलवर घ्या. किल्ली हातात पडताच भिंती, नळ, पंखा, खिडकीच्या काचा यांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवा. डिपॉझिट रोख न देता ऑनलाइन किंवा चेकने द्या.