खाते बाईचे, पिन कुणाचा?

दर्यापूर आणि मूर्तिजापूरकडच्या बचत गटांच्या बैठकांत मी एक प्रश्न हमखास विचारते. तुमच्या एटीएम कार्डाचा पिन कोणाला माहीत आहे? उत्तर बहुतेक वेळा ठरलेले : "त्याईलेच माहीत हाय. मले काय समजते त्यातलं?" लाडकी बहीण योजनेचे महिना 1500 रुपये 2024 मध्ये सुरू झाले, तेव्हा पैसा थेट बाईच्या खात्यात जातो याचे केवढे कौतुक झाले! खात्याचा पिन कुणी ठरवला, हे फारसे कुणी विचारले नाही.

पासवर्ड कोणालाही सांगू नका, असे बँका बजावतात. या 'कोणालाही'मध्ये नवरा, दीर, मोठा मुलगा येतो का? जन्मतारीख, लग्नाचे साल, लेकरांची नावे वापरू नका म्हणतात. परक्या चोराला ती शोधावी लागतात, घरच्यांना तोंडपाठ असतात. आणि अंगठ्याने उघडणारा फोन तर बाई झोपेत असतानाही उघडता येतो. डोक्यातला आकडा असा काढून घेता येत नाही.

बायांच्या लक्षात राहत नाही, हा आणखी एक कांगावा. कोणत्या दिवशी किती किलो कापूस वेचला आणि मालकाने किती मांडला, हे बाई हंगाम संपेपर्यंत विसरत नाही. अवघड आहेत ते नियम : एक मोठे अक्षर, एक चिन्ह, दर महिन्याला बदल. अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाण ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनेच 2017 मध्ये अशी सक्ती नको, लांबी महत्त्वाची, असे सांगितले.

मग करावे कसे? बैठकीत प्रत्येकीने दहा-दहा शब्द चिठ्ठ्यांवर लिहावेत. सगळ्या एकत्र कराव्यात. एकेकीने आडोशाला जाऊन पाच उचलाव्यात आणि परत टाकाव्यात. खराटा, मोसंबी, तहसील, पोळा, घुबड असे काही निघेल. (छापलेले हे शब्द मात्र कुणी घेऊ नयेत.) घुबड मोसंबी सोलतेय, असे चित्र डोळ्यांपुढे आणले की पासवर्ड पाठ. पिनसाठी शून्य ते नऊच्या चिठ्ठ्या. एक काढून, परत टाकून, पुन्हा काढायची. सहा आकडी पिन निघाला तर दोन-दोनच्या जोड्या करून त्यांना वस्तू जोडाव्यात : 41 टोपल्या, 07 विहिरी, 86 भाकरी. लिहिता न येणाऱ्या बायाही हे पाठ करतात.

आयटी कायद्याच्या कलम 66 सी नुसार दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळही हिंसाच आहे. तरीही जिथे मारहाण होते तिथे एकाएकी पिन बदलायला लावू नका. राग बाईवरच निघतो. कधी बदलायचा आणि नंतर राहायचे कुठे, हे आधी तिच्याशी बोलून ठरवा.

आपल्याही घरात डोकावू या. काही गटांच्या वह्यांत सगळ्या सभासदांचे पिन ओळीने लिहिलेले मी पाहिले आहेत, "सोयीसाठी" म्हणून. ती पाने जाळा, आणि त्याच आठवड्यात सगळ्यांचे पिन बदलून घ्या.