शेठच्या फोनलाही सूट नाही

मी किकवीत बसून खेड-शिवापूर ते शिरवळ पट्ट्यातल्या लहान कारखान्यांचे मेल सर्व्हर सांभाळतो. सर्व्हर स्वतःचा हवा, ही मालकांची हौस मला मान्य आहे. माणशी भाडं वाचतं, पत्रव्यवहार आपल्या ताब्यात राहतो. डोकं फिरतं ते पुढच्या फर्माइशीने: "दादा, शेठच्या फोनवर सर्टिफिकेटची एरर येते, ते झंझट काढून टाका."

काढून टाका! साध्या लॉगिनमध्ये नाव आणि पासवर्ड बेस६४ मध्ये जातात. ते गुपित नव्हे, नुसता वेश बदललेला. कॉलेजातलं पोरही क्षणात उलगडतं. त्याला झाकतं टीएलएस, आणि नेमकं तेच यांना नको. पोस्टफिक्समध्ये टीएलएस सुरू झाल्याशिवाय लॉगिन घ्यायचं नाही, अशी एका ओळीची सोय आहे. लेट्स एन्क्रिप्ट २०१५ पासून फुकट सर्टिफिकेट देतंय. तरी एरर का? कुणीतरी फोनमध्ये सर्व्हरच्या नावाऐवजी आयपी पत्ता घालून ठेवलाय म्हणून. तो बदलायचा कंटाळा, सर्व्हर उघडा टाकायचा नाही!

२५ नंबरचं पोर्ट सर्व्हर-सर्व्हरच्या बोलण्यासाठी. तिथे लॉगिन ठेवायचंच नाही. माणसांसाठी ४६५. २०१८ च्या आरएफसी ८३१४ ने तेच पुढे केलं, कारण तिथे पहिल्या अक्षरापासून टीएलएस असतं. ५८७ वर आधी उघड्यावर बोलणं, मग 'झाकूया का?' अशी विचारणा. मधला चोर ती विचारणाच गिळू शकतो. आणि ऑफिसचा अख्खा वायफाय 'आपलं नेटवर्क' म्हणून नोंदवणारे महाभाग तर वेगळेच. चहाला आलेला पाहुणाही मग लॉगिनशिवाय कंपनीच्या नावाने मेल धाडेल.

"आपल्याला कोण विचारतंय?" म्हणे. पासवर्ड ठोकून बघणारे बॉट तुमची उलाढाल विचारत नाहीत. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचा २०१८ चा ऑगस्ट आठवा. तिथे मेलचा प्रश्न नव्हता, पण खऱ्या स्विचऐवजी खोट्या स्विचने व्यवहारांना 'मंजूर' म्हटलं आणि सारं मिळून ९४ कोटी गेले. तुमच्याकडे चोराला एवढाही खटाटोप नको. अकाउंटंटचा पासवर्ड पुरे. पुढच्या बिलावर खाते क्रमांक बदलून गिऱ्हाइकाला मेल जाईल, आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सगळे पास होतील. पाठवणारा सर्व्हर खरोखरच तुमचा ना!

मग शोधाशोध. सर्ट-इनचा एप्रिल २०२२ चा आदेश १८० दिवसांचे लॉग ठेवा आणि घटना ६ तासांत कळवा म्हणतो. इथे डिस्क भरली की पहिले लॉग पुसतात.

यापुढे पासवर्ड आर्गॉन-टूने हॅश होणार, प्रत्येक फोनला वेगळा पासवर्ड, फेल-टू-बॅन कायम चालू. कंपनीचं नाव आणि पुढे १२३ चालणार नाही, शेठच्या फोनवरही नाही. जमत नसेल त्यांनी महिन्याचं भाडं भरून एखाद्या मोठ्या कंपनीची मेल घ्यावी. हलवून मी देईन. त्याचे पैसे वेगळे.