सिझर की नॉर्मल? आधी विचारा, रात्री दवाखान्यात कोण असतं

सिझर झालं तर मला पैसे मिळतात, नॉर्मल झालं तर मिळत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना ते कुणाच्या तोंडचं आहे हे ध्यानात राहील. मी भूलतज्ज्ञ आहे. माझा स्वतःचा दवाखाना नाही. गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको, पंचवटी, नाशिकरोड, जिथून फोन येईल तिथे सुया, औषधं आणि नळ्यांची पेटी गाडीत टाकून जाते. नाशिक शहरातल्या कितीतरी प्रसूतिगृहांची ऑपरेशन थिएटरं मला आतून माहीत आहेत. बाळंतिणींना मात्र माझा चेहरा सहसा आठवत नाही. पाठीत सुई टोचणारी बाई, एवढीच माझी ओळख.

बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना वाटतं, सिझर करायचं की वाट पाहायची हे आत, कळांच्या वेळी ठरतं. मला तसं दिसत नाही. पुष्कळदा ते नाव नोंदवलं त्याच दिवशी ठरलेलं असतं, आणि ठरवणारी गोष्ट बाईच्या शरीरात नसते, त्या इमारतीत असते.

नाशिकमधलं नेहमीचं प्रसूतिगृह डोळ्यांसमोर आणा. दहा-पंधरा खाटा, एक स्त्रीरोगतज्ज्ञ, वरच्या मजल्यावर त्यांचं घर. दिवसा दोन-तीन सिस्टर, रात्री एक सिस्टर आणि एक मावशी. भूलतज्ज्ञ बाहेरून येणार, बालरोगतज्ज्ञ बाहेरून येणार, रक्त रक्तपेढीतून येणार. आता तिथे पहिलटकरीण कळा घेऊन येते. पिशवीचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा आम्ही कॉलेजात घोकलेला हिशेब जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये मोडीत काढला. तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यानंतरही पहिल्या खेपेला बारा तासांपर्यंत लागू शकतात, आणि आई-बाळ ठीक असतील तर तेवढं थांबण्यात काही वावगं नाही, असं ती संघटना सांगते. पण ते बारा तास कुणीतरी खाटेशेजारी असावं लागतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी, अर्ध्या तासाने बाळाचे ठोके ऐकावे लागतात. कोण ऐकणार? डॉक्टर सकाळपासून ओपीडीत आहेत, मधे एक पिशवी काढण्याचं ऑपरेशन झालंय. रात्रीच्या एकट्या सिस्टरला बाकीच्या खोल्याही बघायच्या आहेत. आणि रात्री दोनला ठोके घसरले तर मी त्याच वेळी नाशिकरोडला दुसऱ्या टेबलाशी अडकलेली असू शकते. हे सगळं त्या डॉक्टरांना संध्याकाळी सहालाच दिसत असतं. म्हणून मला फोन संध्याकाळी येतो.

फोनवरची कारणंही आता पाठ झाली आहेत. प्रोग्रेस नाही. पाणी गेलंय. बाळाने आत शी केलीय. गळ्याभोवती नाळेचा वेढा आहे. यातलं काही पूर्ण खरं असतं आणि तिथे मी सिग्नल तोडून पोचते. काही फक्त त्या संध्याकाळपुरतं खरं असतं. नाळेचा वेढा तर चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्याभोवती असतोच आणि त्यातली बहुतेक बाळं वेढ्यासकट सुखरूप खाली येतात. सोनोग्राफीच्या कागदावर तो शब्द छापून आला की मात्र घरात कुणाला झोप लागत नाही.

लोक म्हणतात, डॉक्टर पैशासाठी पोट फाडतात. पैशाचा भाग नाही असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण मला त्याहून मोठी वाटते ती भीती आणि थकवा. सिझर का केलं म्हणून दवाखान्याच्या काचा फुटल्याचं मी ऐकलेलं नाही. का नाही केलं म्हणून फुटलेल्या मी पाहिल्या आहेत. वाट पाहून चांगलं झालं तर त्याचं श्रेय देवाला, वाईट झालं तर दोष डॉक्टरला, असा व्यवहार असेल तर एकटा डॉक्टर वाट का पाहील?

आकडेही इमारतीकडेच बोट दाखवतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या बाळंतपणांपैकी सुमारे २५ टक्के सिझरने झालेली दिसतात. त्याआधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण २० टक्के होतं. २०१९-२१ मध्येच राज्यातल्या खासगी दवाखान्यांपुरतं पाहिलं तर ते ३९ टक्क्यांच्या आसपास जातं. देशभरात खासगीत ४७ टक्के आणि सरकारी दवाखान्यांत १४ टक्के. अडलेल्या, गुंतागुंतीच्या बायका गावोगावहून जिल्हा रुग्णालयात पाठवल्या जातात, सरकारी दवाखाने काही सोप्या बायका निवडून घेत नाहीत. तरीही फरक एवढा. रस्त्याच्या या बाजूच्या बायकांचा कटिभाग अरुंद आणि त्या बाजूच्यांचा रुंद, असं तर नसतं.

मुहूर्ताचं न लिहिता नाशिकमध्ये या विषयावर लिहिणं अपुरं राहील. सिझर आधीच ठरलेलं आहे, दिवस पूर्ण भरलेत, म्हणजे एकोणचाळीस आठवडे झालेत, आणि घरच्यांनी गुरुजींना विचारून मूळ नक्षत्र टाळून सकाळची वेळ काढलीय, तर माझी काही तक्रार नाही. मी त्या वेळेला हजर राहते. राग येतो तो सदतिसाव्या आठवड्यात गुरुपुष्य साधणाऱ्यांचा. अशातलं एखादं बाळ बाहेर येतं, धापा टाकायला लागतं आणि काचेत ठेवावं लागतं. कुंडली उत्तम, फुप्फुसं कच्ची.

आता बाईकडे येऊ, कारण या सगळ्यात तिला सर्वांत शेवटी विचारलं जातं. काही मुली स्वतःहून सिझर मागतात आणि आजूबाजूच्या बायका त्यांना नाजूक म्हणून नाकं मुरडतात. मला त्या मुलींचं म्हणणं समजतं. कळांची भीती खरी असते. मोठ्या बहिणीचं बाळंतपण झालं तेव्हा कुणीतरी तिच्यावर ओरडलं होतं, मांडीवर चापट मारली होती, हे तिने ऐकलेलं असतं. कळा सोसायला मदत म्हणून पाठीतून औषध देता येतं, बाई जागी राहते, बाळ खालूनच येतं. पण त्यासाठी माझ्यासारखीला रात्रभर हाताशी राहावं लागतं, आणि लहान दवाखान्यात ते परवडत नाही. मग उरतात दोनच वाटा, पूर्ण दुखणं नाहीतर पूर्ण ऑपरेशन. यातून तिने ऑपरेशन निवडलं तर तिला नावं ठेवायचा अधिकार कुणाला? सरकारने २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी घरची एक बाई सोबत ठेवायला मुभा दिली. अशी सोबत मिळालेल्या बायकांत सिझरचं प्रमाण कमी राहतं, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसलं आहे. खर्च शून्य. तरी फरशी चकाचक असलेल्या कितीतरी खासगी दवाखान्यांत आईला दाराबाहेर बसवतात.

जाता जाता माझ्या धंद्यापुरतं एक. पाठीतल्या सुईने कंबर कायमची जाते, हे खोटं आहे. सुईच्या जागी काही दिवस ठणकतं, एवढंच. कंबर जाते ती बाळाला वाकून पाजण्याने आणि सव्वा महिना संपताच पाण्याच्या कळशा उचलायला लावण्याने.

बाईला सांगायला हवी ती गोष्ट वेगळीच आहे, आणि ती सहसा सांगितली जात नाही. पहिलं सिझर हे बहुतेक वेळा सोपं, सुरक्षित ऑपरेशन असतं. पाऊण-एक तासात संपतं. हिशेब पुढच्या खेपेला मागितला जातो. जुन्या व्रणावर वार चिकटून पिशवीत रुतण्याचा धोका प्रत्येक सिझरगणिक चढतो. वार खाली असलेल्या बायकांच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात हा धोका पहिल्या सिझरला ३ टक्के, दुसऱ्याला ११ आणि तिसऱ्याला ४० टक्के आढळला होता. त्या टेबलाशी मी उभी राहिले आहे. रक्ताच्या पिशव्या चढवता चढवता हात कमी पडतात आणि आईचा जीव वाचवायला गर्भाशय काढावं लागतं. एकच मूल हवं असेल तर हा विचार वेगळा, दोन-तीन हवी असतील तर वेगळा. एकदा सिझर झालं म्हणजे पुढेही सिझरच, असंही नाही. योग्य बाई निवडून प्रयत्न केला तर दर दहापैकी सहा ते आठ जणींचं पुढच्या वेळी नॉर्मल होतं. पण जुना टाका उसवण्याचा धोका, दोनशेत एखादा, असतो, म्हणून हा प्रयत्न चोवीस तास थिएटर तयार असलेल्या ठिकाणीच करावा. पुन्हा इमारत आलीच.

आणि सही? ऑपरेशनच्या संमतीपत्रावर नवऱ्याची सही आधी घेतात. कायद्याच्या लेखी सज्ञान बाईची स्वतःची संमती महत्त्वाची आहे. समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितलं. तिथे रुग्ण बाई भुलीखाली होती आणि गर्भाशय काढायला बाहेर बसलेल्या तिच्या आईची परवानगी घेतली होती. न्यायालयाने ती संमती मानली नाही.

हे वाचून कुणी नॉर्मलचा झेंडा हाती घेणार असेल तर थांबा. इंग्लंडमधल्या श्रूजबरी आणि टेलफर्डच्या रुग्णालयांना आपल्याकडे सिझर कमी होतात याचा अभिमान होता. २०२२ च्या मार्चमध्ये डोना ओकेंडन यांच्या चौकशीचा अहवाल आला. वेळेवर नीट काळजी घेतली असती तर २०१ बाळं वाचू शकली असती, असं त्यात आहे. टक्केवारी हे उद्दिष्ट झालं की माणसं मरतात. मला कमी सिझर नकोत, ज्या बाईला गरज आहे तिचं सिझर हवं.

कारण याच जिल्ह्यात दुसरं टोक आहे. जुलै २०२३ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या जुनवणेवाडीची एक गर्भवती भर पावसात, रस्ताच नाही म्हणून, अडीच किलोमीटर चिखल तुडवत चालत निघाली. एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे नेता नेता तिचा जीव गेला. तिला सिझर की नॉर्मल असं विचारण्याइतकाही वेळ कुणाला मिळाला नाही. पेठ, सुरगाणा, हरसूलच्या बायकांसाठी सिझर म्हणजे घाटरस्त्याने नाशिकपर्यंतची रुग्णवाहिका. गंगापूर रोडवर एका संध्याकाळी आम्ही भूलतज्ज्ञ एकमेकांना ओलांडून जातो, आणि तिकडे क्वचितच कुणी सापडतं. सरकारने आम्हाला तिकडे बोलावण्याचे दर ठरवले, पण रात्री सावळघाट उतरून कोण जाणार याचं उत्तर दरात नाही. तिथे पगारी, कायमची, राहायला घर असलेली जागाच भरावी लागेल.

शहरातल्या गरोदर मुलींना आणि त्यांच्या आयांना माझी एकच विनंती आहे. सातव्या महिन्यात, डॉक्टर लोहाच्या गोळ्या लिहून देत असताना, चार गोष्टी विचारा. रात्री इथे कोण डॉक्टर असतो? भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतो? कळांच्या वेळी आई सोबत राहू शकेल का? आणि पहिल्या बाळंतपणात इथे किती जणींचं सिझर होतं? चौथ्या प्रश्नाचं उत्तर सहसा कुठे लिहिलेलं सापडत नाही. २०१७ मध्ये मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी दवाखान्यांनी सिझरचे आकडे जाहीर करावेत म्हणून ऑनलाइन याचिका चालवली, लाखाहून जास्त लोकांनी पाठिंबा दिला, पण नाशिकच्या दवाखान्यांच्या भिंतीवर मला तो आकडा अजून दिसलेला नाही.

नाशिक महानगरपालिका शहरातल्या प्रसूतिगृहांची नोंदणी करते आणि तिचं नूतनीकरणही करते. त्या अर्जात तिने एक रकाना वाढवावा: पहिलटकरीण, दिवस पूर्ण, एकच बाळ, डोकं खाली, कळा आपोआप सुरू झालेल्या, अशा किती बायका वर्षभरात आल्या आणि त्यातल्या किती जणींचं सिझर झालं. गुंतागुंतीच्या बहुतेक बायका यात येत नाहीत, त्यामुळे अवघड रुग्ण घेणाऱ्या डॉक्टरांवर अन्याय होत नाही. हा आकडा दरपत्रकाशेजारी भिंतीवर लावावा, आणि सुरुवात महापालिकेने स्वतःच्या प्रसूतिगृहांपासून करावी.