भरपाईचा हक्क आणि अपिलाचा फेरा

२२ एप्रिल २००३ च्या पहाटे एका साखर कारखान्याचा पहारेकरी तीन वाजताच्या पाळीवर हजर होण्यासाठी घरून निघाला. कारखाना सुमारे पाच किलोमीटर उरला असता रस्त्यावरील अपघातात तो मरण पावला. मागे विधवा पत्नी, चार मुले आणि वृद्ध आई राहिली. उस्मानाबादच्या (आता धाराशिव) कामगार नुकसानभरपाई आयुक्तांनी २००९ साली ३ लाख २६ हजार १४० रुपये आणि त्यावर सालिना १२ टक्के व्याज असा निवाडा दिला. विमा कंपनी अपिलात गेली. 'हा मनुष्य कामावर नव्हता, कामाच्या वाटेवर होता' या मुद्द्यावर २०११ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने तो निवाडा रद्द केला. अखेर २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा निवाडा पुन्हा कायम केला. घरापासून कामाच्या जागेपर्यंतचा प्रवास काळ, स्थळ आणि परिस्थिती यांच्या नात्याने नोकरीशी जोडलेला असेल, तर त्यातील अपघातही नोकरीतलाच, असा हा निर्णय आहे.

निर्णयाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु स्वागत करून थांबणे आम्हांस शक्य नाही. अपघात आणि अंतिम न्याय यांच्यामध्ये बावीस वर्षे गेली. २००३ साली जी मुले बापावाचून उरली ती या काळात वाढली, त्यांच्या शाळा सुटल्या किंवा टिकल्या, आणि यातले काहीही न्यायालयाच्या निकालासाठी थांबले नाही. मूळ रक्कम या सर्व काळात हाती पडली नाही असे धरले, तर व्याजच मुद्दलाच्या अडीचपटीहून अधिक होते. व्याज हा उशिराचा दंड आहे खरा. पण भाकरी त्या त्या दिवशी लागते, आणि मागल्या वर्षांची भूक व्याजाने भागत नाही.

हे प्रकरण नांदेड-लातूरच्या कार्यकर्त्यांना परके नाही. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादेतूनच वेगळा झाला. लातूरच्या डाळ गिरण्या, दोन्ही जिल्ह्यांतील साखर कारखाने, मोंढ्यातील हमाल, इमारतींच्या परातीवरचे मजूर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढ-उतार करणारी माणसे आणि दसऱ्यानंतर बिऱ्हाड बैलगाडीत घालून फडावर जाणारी ऊसतोड कुटुंबे या साऱ्यांच्या डोक्यावर अपघात टांगलेला असतो. म्हणूनच भरपाईच्या दाव्यात निवाड्यानंतर काय घडते, हा प्रश्न वकिलांवर सोपवून देण्यासारखा नाही.

कायद्याचा मूळ हेतू प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा. १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. तेव्हा मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांचा आवाज म्हणून ना. म. जोशी बसत होते. मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे मजुराच्या माथ्यावरून उतरविणे, हे त्या कायद्याचे मर्म. अपघात नोकरीच्या ओघात आणि नोकरीमुळे घडला एवढे दिसले की देणे उभे राहते. देणे थकताच ते चुकते करावयाचे. महिना उलटला तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारणावाचून विलंब झाल्यास निम्म्या रकमेपर्यंत दंड. दिवाणी न्यायालयाचा फेरा टळावा म्हणूनच स्वतंत्र आयुक्त नेमण्यात आले. २००९ च्या दुरुस्तीने तर आयुक्ताने तीन महिन्यांत निकाल द्यावा असेही लिहून ठेवले.

अपिलाची वाटही मुद्दाम अरुंद ठेवण्यात आली. अपील थेट उच्च न्यायालयात, साठ दिवसांच्या आत, आणि तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होत असेल तरच. मालकाला अपील करावयाचे तर निवाड्याची रक्कम आधी आयुक्तांकडे भरल्याचा दाखला जोडलाच पाहिजे. वस्तुस्थितीपुरता आयुक्ताचा शब्द अखेरचा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. म्हणजे मजूर कामावर होता की नव्हता, मजुरी किती होती, हात किती निकामी झाला, हे प्रश्न पुराव्यावर एकदा ठरले की ते उच्च न्यायालयात पुन्हा उकरून काढता येत नाहीत. पुराव्याचा लवलेश नसताना निष्कर्ष काढला असेल, तरच गोष्ट निराळी.

आमच्या काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, ही अरुंद वाट मजुरालाही अडविते. म्हणून अपिलात वस्तुस्थितीचाही फेरविचार व्हावा. या मागणीमागील कळकळ आम्ही जाणतो. आयुक्ताने मजुरी कमी धरली, डॉक्टरने टक्का कमी लिहिला, तर त्या मजुराने कोठे जावे? परंतु आमच्या मते ही मागणी घातक ठरेल. वस्तुस्थितीचे दार एकदा उघडले की त्यातून प्रथम आत शिरणार आहेत ते मालक आणि विमा कंपन्या. कारण पदरी वकील आहेत त्यांच्या, आणि वेळही त्यांच्याच बाजूचा आहे. मजुराचा लढा जिंकला जातो किंवा हरला जातो तो पहिल्या न्यायालयात. तेव्हा सुधारणा करावयाची ती तेथेच.

टक्क्याचा प्रश्न किती मोलाचा आहे हे एका हिशेबावरून कळेल. समजा, चाळीस वर्षांच्या मजुराची महिन्याची मजुरी दहा हजार रुपये आहे. १९२३ च्या कायद्याच्या अनुसूचीत या वयाचा गुणक १८४.१७ आहे. कायमचे पूर्ण अपंगत्व मानले तर मजुरीच्या साठ टक्क्यांना या गुणकाने गुणून ११ लाख ५ हजार २० रुपये होतात. कमाईची शक्ती तीसच टक्के गेली असे लिहिले, तर हाती येतात ३ लाख ३१ हजार ५०६. म्हणजे डॉक्टरच्या लेखणीच्या एका फटक्यात पावणेआठ लाखांचा फरक पडतो.

येथे सर्वोच्च न्यायालयाच्या १९७५ च्या डिसेंबरातील निर्णयाची आठवण प्रत्येक कार्यकर्त्याने ठेवावी. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. मालकाचे म्हणणे, हे अपंगत्व अंशतः आहे. न्यायालयाने विचारले ते एवढेच की, एका हाताने सुतारकाम होते काय? होत नाही, म्हणून कमाईची हानी शंभर टक्के. याच निर्णयात असेही ठरले की भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवसापासून, निवाड्याच्या दिवसापासून नव्हे. शरीराचा किती भाग गेला हा प्रश्न दुय्यम. त्या मजुराचा धंदा गेला काय, हा मुख्य. हमालाची पाठ, ऊसतोड्याचा कोयता धरणारा हात, चालकाचा डोळा यांचे मोल याच मापाने झाले पाहिजे.

आता फेरविचाराकडे वळू. १९२३ च्या कायद्यात फेरतपासणीची जी तरतूद आहे ती पंधरवड्याच्या हप्त्यांपुरती, म्हणजे तात्पुरत्या अपंगत्वापुरती. प्रकृतीत फरक पडला तर वैद्यकीय दाखला जोडून हप्ता वाढवून किंवा कमी करून मागता येतो. पण कायमच्या अपंगत्वाची एकरकमी भरपाई एकदा ठरली आणि दोन वर्षांनी तोच पाय आणखी निकामी झाला, तर त्या मजुराला दार बंद. याउलट कर्मचारी राज्य विम्याच्या १९४८ च्या कायद्याने विमेदार कामगारासाठी वैद्यकीय मंडळ, त्यावर वैद्यकीय अपील न्यायाधिकरण, आणि दुखापत अनपेक्षितपणे बळावल्यास निर्णयाचा फेरविचार, अशी पायरीपायरीची सोय केली. ही सोय कारखान्याच्या हजेरीपटावरील कामगाराला आणि फडातल्या, मोंढ्यातल्या मजुराला नाही, हा भेद कोणत्या न्यायात बसतो? दोघांचे हाड मोडते ते सारखेच.

अंतराचा प्रश्न याच्याच जोडीचा. १९८१ पर्यंत मराठवाड्याचे अपील मुंबईस जात असे. दीर्घ चळवळीनंतर त्या वर्षी औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) उच्च न्यायालय बसू लागले आणि १९८४ साली ते कायमचे खंडपीठ झाले. तो विजय मोठा होता. तरीही नांदेड किंवा लातूर येथून खंडपीठ सुमारे अडीचशे किलोमीटर दूर आहे. आणि किनवटच्या, देगलूरच्या, उदगीरच्या विधवेला आधी जिल्ह्याच्या गावी यावे लागते, मग पुढची गाडी. विमा कंपनीचा वकील तेथेच असतो. हिचा वकील कोण, हे तिला पुष्कळदा नोटीस आल्यावरही ठाऊक नसते. अशा वेळी अपील गुणावगुणावर हरण्याआधी गैरहजेरीवर हरण्याची भीती अधिक.

त्याहूनही मोठी संख्या आयुक्तांपर्यंतच न पोचणाऱ्यांची आहे, असे आमच्या कार्यकर्त्यांचे अनुभव सांगतात. मुकादम किंवा ठेकेदार मयताच्या तेराव्याआधीच घरी येतो, पन्नास हजार ठेवतो, मुद्रांकावर अंगठा घेतो आणि 'आपसांत मिटले' म्हणून निघून जातो. कायदा काय सांगतो? हक्क सोडून देण्याचा करार रद्दबातल आहे. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच भरावयाची असते. वारसाच्या हाती परस्पर दिलेली रक्कम, तीन महिन्यांच्या मजुरीपर्यंतची आगाऊ सोडली तर, भरपाई म्हणून धरलीच जात नाही. दुखापतीच्या तडजोडीची नोंद आयुक्तांकडे झाली पाहिजे, आणि रक्कम अपुरी असेल किंवा दडपणाने सही घेतली असेल तर नोंद नाकारण्याचा अधिकार त्यांना आहे. ठेकेदार पळून गेला तरी, ज्याच्या धंद्याचे काम चालले होते त्या मूळ मालकावर जबाबदारी येते. हे सारे कायद्यात लिहिलेले आहे. गावात ते पोचविले नाही हा दोष केवळ सरकारचा नाही, आपलाही आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि जुना कायदा तिच्यात विलीन झाला. आयुक्ताच्या जागी 'सक्षम प्राधिकारी' आला. अपिलाची वाट उच्च न्यायालयाकडेच राहिली. ये-जा करतानाच्या अपघातासंबंधी संहितेत आता स्पष्ट तरतूद आहे, ही इष्ट गोष्ट. परंतु चारही श्रमसंहितांविषयी कामगार चळवळीने घेतलेले मूलभूत आक्षेप यामुळे मिटत नाहीत. कायद्याचे नाव बदलले म्हणून जुनी संरक्षणे सैल होऊ देता कामा नयेत. रक्कम भरल्यावाचून मालकाचे अपील नाही, हा नियम या साऱ्या इमारतीचा पाया आहे. अपील चालू असता भरलेली रक्कम रोखून धरण्याचा जो अधिकार जुन्या कायद्याच्या ३०-अ कलमाने आयुक्ताला दिला होता, ते कलम २०१७ च्या दुरुस्तीने वगळले गेले. तेव्हा उच्च न्यायालयाची मनाई नसेल तर पैसा आयुक्तांच्या खात्यात पडून राहण्याचे कारण उरत नाही. आणि मनाई असेल तेथेही काही रक्कम काढू देण्याची मागणी पहिल्याच तारखेला झाली पाहिजे.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, तीन महिन्यांत निकालाचे वचन पाळता येईल एवढे न्यायाधीश आणि कर्मचारी दोन्ही जिल्ह्यांना मिळावेत. दुसरी, नांदेड व लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे कमाईच्या हानीचा टक्का ठरविणारे मंडळ ठरल्या दिवशी बसावे, आणि त्याच्या निर्णयावर एकदा वैद्यकीय अपिलाची संधी विमा नसलेल्या मजुरालाही मिळावी. तिसरी, दुखापत बळावल्यास एकरकमी भरपाईच्या फेरविचाराची तरतूद संहितेत घालावी. चौथी, मालकाने अपील केल्याची नोटीस निघताच विधी सेवा समितीने मजुराला वकील द्यावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत विधी साहाय्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलेलाच आहे. तो मागावा लागू नये, दारी यावा.

आणि कार्यकर्त्यांना एक विनंती. आपण मोर्चाला जातो, घोषणा देतो. ते आवश्यकच आहे. परंतु भरपाईचा दावा घोषणेवर उभा राहत नाही, कागदावर राहतो. अपघात घडला की चोवीस तासांत पंचनाम्याची प्रत, दवाखान्याचा कागद, उचलीची चिठ्ठी, मुकादमाच्या वहीतले पान, सोबतच्या दोन मजुरांचे जबाब जमविणारा एक मनुष्य प्रत्येक तालुक्याच्या शाखेत असला पाहिजे. दावा दाखल करण्याची मुदत दोन वर्षांची आहे, हे त्याने प्रत्येक घरी सांगितले पाहिजे. जो पुरावा पहिल्या न्यायालयात ठेवला नाही, तो उच्च न्यायालयात आठवून उपयोग नाही. त्या पहारेकऱ्याच्या कुटुंबाला बावीस वर्षांनी न्याय मिळाला, कारण २००९ चा निवाडा पुराव्यावर भक्कम होता आणि त्यांनी मधेच हात टेकले नाहीत. पुढच्या कुटुंबाला बावीस वर्षे लागू नयेत, ही जबाबदारी आता आपली आहे.