बिडकीनला कंपन्या आल्या, वाळूजच्या शेडचं काय?

ऑरिकवर सध्या दोनच प्रकारच्या पोस्ट फिरतात. एक म्हणजे 'मराठवाड्याचं नशीब उघडलं', आणि दुसरी 'सगळं कागदावरच आहे'. मला दोन्ही पटत नाहीत.

शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे १०,००० एकर जागा. चालवणारी कंपनी सरकारीच आहे, ५१ टक्के एमआयडीसी आणि ४९ टक्के केंद्राचा कॉरिडॉर ट्रस्ट. आधी रस्ते, पाणी, जमिनीखालून केबल, मग प्लॉट. जुन्या एमआयडीसीत खड्ड्यांतून ज्यांनी माल वाहिलाय, त्यांना याची किंमत बरोबर कळते. शेंद्र्यात कोरियाची ह्योसंग आली. जून २०२४ मध्ये एथरने इलेक्ट्रिक स्कूटरचा कारखाना इथे जाहीर केला, जुलैमध्ये टोयोटा किर्लोस्करने सरकारबरोबर सामंजस्य करार केला. याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. इलेक्ट्रिक स्कूटरला पिस्टन नसतो. सायलेन्सर नसतो, क्लच प्लेट नसते, स्पार्क प्लग नसतो.

आपल्या शहराचं पोट कशावर चाललं ते आठवा. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या मागे व्हेंडरांची रांग उभी राहिली. दोन सीएनसी, पाच-दहा माणसं, बँकेचं कर्ज, असे कितीतरी शेड. त्यातले बरेच जण इंजिनाचे आणि गिअरचे पार्टच बनवतात. उद्या बिडकीनला हजारो स्कूटर तयार होतील, पण या शेडवाल्याला त्यातली एकही ऑर्डर मिळाली नाही तर? मोटर, कंट्रोलर, बॅटरीचे सेल बाहेरून येणार आणि आपल्याकडे फक्त जुळणी होणार. कारखाना हायटेक आणि गाव मात्र हेल्परच! हे मला नकोय.

कोणी म्हणेल, बाजार आपोआप जुळवून घेतो. काही प्रमाणात घेतोही. अ‍ॅल्युमिनियम डायकास्टिंग, प्लास्टिक, शीटमेटल, वायरिंग हार्नेस करणाऱ्यांना नव्या गाडीतही काम आहे. पण मोटर वाइंडिंग किंवा इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिरायचं तर नवं मशिन, टेस्टिंग आणि माणसांचं ट्रेनिंग लागतं. दहा माणसांच्या शेडला हे एकट्याने झेपत नाही.

तैवानचं सिंचू सायन्स पार्क बघा, तेही सरकारीच. १९८० मध्ये सुरू झालं. पण तिथे सरकारने फक्त प्लॉट पाडले नाहीत. इट्री ही सरकारी संशोधन संस्था १९७३ पासून होती, शेजारी दोन विद्यापीठं होती. त्या इट्रीच्याच कामातून, सरकारी भांडवल घालून १९८७ मध्ये टीएसएमसी उभी राहिली. म्हणजे जमीन हा त्या गोष्टीतला सगळ्यात सोपा भाग होता.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, नाइलिट आहे, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आयटीआय आहेत. त्यांना बिडकीनशी जोडायचं कोणी, एवढाच प्रश्न आहे.

माझ्या मागण्या तीनच:

१. बिडकीनमध्ये लहान उद्योजकांसाठी लहान प्लॉट आणि तयार गाळे राखून ठेवा. एकरांचे आकडे ऐकून छोटा माणूस गेटवरूनच परत फिरतो.

२. टूल रूमच्या धर्तीवर मोटर, बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्सचं सामायिक टेस्टिंग व ट्रेनिंग केंद्र ऑरिकमध्येच काढा.

३. सवलत घेणाऱ्या प्रत्येक कंपनीचा हिशेब दर सहा महिन्यांनी जाहीर करा. कायम किती, कंत्राटी किती, जिल्ह्यातले किती, स्थानिक व्हेंडरकडून खरेदी किती. आपल्या नियमात 'स्थानिक' म्हणजे १५ वर्षं महाराष्ट्रात राहणारा. तेव्हा ८० टक्क्यांचा आकडा पूर्ण होऊनही बिडकीन-पैठणची पोरं बाहेरच राहू शकतात.

जमिनी शेतकऱ्यांनी दिल्या, रस्ते आपल्या करातून झाले. मग हिशेब मागणं म्हणजे विकासाला विरोध कसा? वाळूज, चिकलठाण्यात युनिट असणाऱ्यांनी जरूर लिहा. तुमच्याकडे नव्या कंपन्यांची चौकशी आली का? आली असेल तर कुठल्या पार्टची?