मशीन कानात, सुविधा कुलपात

आजच्या श्रवणयंत्रात गोंगाट गाळण्यापासून थेट सभागृहातील ध्वनिक्षेपकाशी जोडले जाण्यापर्यंत अनेक सोयी असतात. त्यांतील कित्येक विक्रीच्या वेळी सुरूच केल्या जात नाहीत, वापरणाऱ्याला त्या सांगितल्याही जात नाहीत. परिणामी मोठी रक्कम मोजून घेतलेले यंत्र कपाटात पडून राहते आणि ऐकण्याचा प्रश्न तसाच उरतो.

चष्मा लावला की दिसते, तसे मशीन लावले की ऐकू येते, अशी श्रवणयंत्राविषयीची सर्वसाधारण समजूत आहे. ती पूर्णतः खरी नाही. चष्म्याची काच एकदा घासून बसविली की तिचे काम झाले. श्रवणयंत्र हा मात्र कानामागे मावणारा एक छोटा संगणक आहे. त्याला काय करायचे ते सांगावे लागते आणि वेळोवेळी सांगावे लागते. १९९६च्या सुमारास पूर्णतः डिजिटल श्रवणयंत्रे बाजारात आली, तेव्हापासून या संगणकाची क्षमता वाढतच गेली आहे. वापरणाऱ्याला मिळणारी माहिती मात्र बहुतेक वेळा ‘हे बटण आवाजाचे आणि सेल असा बदलायचा’ एवढ्यावरच थांबते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये प्रसिद्ध केलेल्या श्रवणविषयक जागतिक अहवालानुसार जगातील ४३ कोटींहून अधिक लोकांना श्रवणदोषावर उपचार वा पुनर्वसनाची गरज आहे. ज्यांना श्रवणयंत्राचा उपयोग होऊ शकेल, त्यांच्यापैकी जेमतेम १७ टक्के लोक ते वापरतात, असे हाच अहवाल सांगतो. किंमत, संकोच, सेवेचा अभाव ही त्याची परिचित कारणे. त्यात आणखी एकाची भर घालावी लागेल. यंत्र घेतले, पण त्याने काम भागले नाही, हा अनुभव एका घरातून शेजारच्या घरात पोहोचतो आणि तिथला निर्णयही लांबणीवर पडतो.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. ऐकू येत नसलेली व्यक्ती आधी फोन टाळते, मग समारंभ आणि शेवटी घरातल्या गप्पाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० आणि २०२४च्या अहवालांत श्रवणदोषाचा समावेश स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींमध्ये केला आहे. अमेरिकेत ७० ते ८४ वर्षे वयाच्या ९७७ जणांवर झालेल्या ‘अचीव्ह’ चाचणीचे निष्कर्ष २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. श्रवणयंत्रामुळे सरसकट सर्वांच्या बौद्धिक क्षमतेत लक्षणीय फरक पडल्याचे त्यात आढळले नाही. मात्र ज्यांना मुळातच अधिक धोका होता, त्या गटात तीन वर्षांतील बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावल्याचे दिसले. या निष्कर्षाचा अर्थ सावधपणेच लावायला हवा. तरीही यंत्र कानात राहणे महत्त्वाचे आहे, एवढे त्यावरून नक्कीच म्हणता येते.

पाठ कोणाकडे करावी?

श्रवणयंत्राविषयीची सर्वांत सार्वत्रिक तक्रार गोंगाटाची असते. लग्नाचे कार्यालय, हॉटेल, लोकलचा फलाट अशा ठिकाणी सगळेच आवाज एकदम अंगावर येतात आणि समोरच्याचे बोलणे त्यात बुडून जाते. यावरचा उपाय अनेक यंत्रांत आधीच असतो. यंत्रावर दोन सूक्ष्म मायक्रोफोन असतात. एकच आवाज त्या दोहोंपर्यंत किंचित वेगवेगळ्या वेळी पोहोचतो. त्या अंतरावरून यंत्र आवाजाची दिशा ओळखते, समोरचा आवाज राखते आणि मागचा दाबते.

ही सोय वापरणाऱ्याने बसण्याची जागा मात्र विचारपूर्वक निवडायला हवी. हॉटेलात भिंतीला पाठ लावून, सगळ्या दालनाकडे तोंड करून बसण्याची अनेकांना सवय असते. दिशादर्शी मायक्रोफोनच्या दृष्टीने ही जागा गैरसोयीची, कारण तेव्हा सारा गोंगाट समोरून येतो. स्वयंपाकघर, ध्वनिक्षेपक किंवा गर्दी पाठीमागे राहील आणि बोलणारा समोर असेल, अशी खुर्ची घेतल्यास तेच यंत्र अधिक चांगले काम करते. काही यंत्रांत हा बदल आपोआप होतो, तर काहींत त्यासाठी वेगळा ‘प्रोग्रॅम’ निवडावा लागतो. आपल्या यंत्रात किती प्रोग्रॅम आहेत, याची मात्र वापरणाऱ्यांपैकी अनेकांना कल्पनाच नसते.

अंतराचा प्रश्न यानेही सुटत नाही. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. म्हणूनच व्याख्यान, वर्ग किंवा बैठक यांसाठी वेगळा बिनतारी मायक्रोफोन मिळतो. तो वक्त्याच्या सदऱ्याला लावला किंवा टेबलावर ठेवला की आवाज थेट यंत्रात येतो. काही यंत्रांना मोबाइल फोनही असाच मायक्रोफोन म्हणून वापरता येतो.

‘टी’ नावाचे जुने गुपित

श्रवणयंत्रातील सर्वांत जुनी आणि तरीही सर्वांत दुर्लक्षित सोय म्हणजे टेलिकॉइल. तारेचे हे बारीक वेटोळे मुळात टेलिफोनच्या रिसीव्हरमधील चुंबकीय लहरी पकडण्यासाठी आले. सभागृहाच्या भोवती तारेचे मोठे वेटोळे टाकून त्यात ध्वनिक्षेपकाचा संदेश सोडला, तर टेलिकॉइल असलेल्या प्रत्येक यंत्रात तो थेट उतरतो. मधला प्रतिध्वनी, पंख्यांची घरघर, शेजारच्यांची कुजबुज यांपैकी काहीच आड येत नाही. ब्रिटनमध्ये या पद्धतीचे पेटंट १९३७मध्येच घेण्यात आले होते. आज तेथील नाट्यगृहे, चर्च, बँकांच्या खिडक्या, एवढेच नव्हे तर लंडनच्या काळ्या टॅक्सींतही अशी वेटोळी असतात. कानाचे चित्र आणि शेजारी इंग्रजी ‘टी’ हे अक्षर असलेला फलक ही त्याची खूण.

आपल्याकडे असा फलक नजरेस पडणे विरळाच. केंद्रीय गृहनिर्माण व नगरव्यवहार मंत्रालयाच्या सार्वत्रिक सुगम्यतेविषयीच्या २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांत या व्यवस्थेचा उल्लेख आहे. परंतु मार्गदर्शक तत्त्वे आणि सक्ती यांत अंतर असते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रतुरी प्रकरणात नेमक्या याच अंतरावर बोट ठेवले. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा, पण त्याखालील २०१७च्या नियमांपैकी १५वा नियम सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या पातळीवर ठेवतो. त्यामुळे तो कायद्याशी विसंगत ठरवून, किमान निकष बंधनकारक करावेत, असा आदेश न्यायालयाने दिला. सुगम्यता म्हणजे केवळ उतरंडीचा रस्ता नव्हे, तर तिकीट खिडकीवरचा ऐकू येणारा शब्दही होय, हे या निकालाच्या अंमलबजावणीत दिसायला हवे.

दरम्यान तंत्रज्ञानही पुढे सरकले आहे. एका ठिकाणाहून प्रसारित होणारा आवाज कितीही श्रवणयंत्रांना एकाच वेळी ऐकता यावा, यासाठी ‘ऑराकास्ट’ ही ब्लूटूथवर आधारित पद्धत २०२२मध्ये जाहीर झाली. विमानतळावरील उद्घोषणा किंवा चित्रपटाचा आवाज त्यातून थेट कानात येऊ शकतो. मात्र त्यासाठी त्या ठिकाणी प्रसारक यंत्रणा असावी लागते आणि श्रवणयंत्रही त्या क्षमतेचे असावे लागते. छोट्या आणि चार्जिंगच्या काही यंत्रांत जागेअभावी टेलिकॉइल वगळलेली असते. म्हणून नवे यंत्र घेताना या दोहोंपैकी काय आहे, हे आधीच विचारून घेणे श्रेयस्कर.

तंबोरा म्हणजे गोंगाट?

संगीताच्या रसिकांना एक विचित्र अनुभव येतो. मैफल सुरू होते आणि तंबोऱ्याची आस हळूहळू विरत गेल्यासारखी वाटते, बासरीचा लांबवलेला स्वर थरथरतो. दोष कलाकाराचा नसतो. श्रवणयंत्राची मूळ जडणघडण बोलण्यासाठी असते. बोलणे सतत चढते-उतरते. पंखा किंवा इंजिन एकसुरात चालते. त्यामुळे जे अखंड आणि एकसारखे, त्याला यंत्र गोंगाट समजून दाबू लागते. शिट्टी रोखणारी यंत्रणा तर लांबलेल्या स्वरालाच शिट्टी समजते आणि त्याच्याविरुद्ध उलटी लहर सोडते. भारतीय संगीतात आधारस्वर अखंड चालणेच अपेक्षित असल्याने ही अडचण अधिक जाणवते.

‘म्युझिक प्रोग्रॅम’ त्यासाठीच असतो. त्यात गोंगाट गाळण्याची आणि शिट्टी दाबण्याची यंत्रणा सौम्य किंवा बंद ठेवली जाते. हा प्रोग्रॅम श्रवणतज्ज्ञाकडून मुद्दाम बसवून घ्यावा लागतो. तो घेताना आपण काय ऐकतो, हे सांगितल्यास जुळणी अधिक नेमकी होते.

साठ की आठ?

‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही’ ही ज्येष्ठांची नेहमीची तक्रार शास्त्राला धरूनच आहे. वयोमानाने येणाऱ्या श्रवणदोषात प्रथम उच्च कंप्रतेचे ध्वनी जातात. स्वर ऐकू येत राहतात, पण ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने निसटतात. भाजीवाला ‘साठ’ म्हणतो आणि कानावर ‘आठ’ पडते. आवाज नुसता वाढवला तर ‘आ’ आणखी मोठा होतो, ‘स’ मात्र तिथे नसतोच.

काही यंत्रांत असे उच्च ध्वनी खालच्या, म्हणजे कान अजून शाबूत असलेल्या पट्ट्यात उतरवून ऐकवण्याची सोय असते. ती सर्वांसाठी नाही. कोणाला द्यायची, हे श्रवणचाचणीच्या आलेखावरून ठरते. सुरुवातीला ‘स’चा ध्वनी अनोळखी वाटतो आणि तो अंगवळणी पडण्यास काही आठवडे लागतात.

मुळात यंत्राची जुळणी योग्य झाली आहे काय, हे मोजण्याचीही पद्धत आहे. कानाच्या नळीत एक बारीक नलिका सरकवून पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो, ते मोजले जाते. प्रत्येकाच्या कानाची नळी वेगळी असल्याने संगणकाच्या पडद्यावरील आकडा आणि कानातील वस्तुस्थिती यांत फरक पडू शकतो. ही चाचणी काही मिनिटांची असते. तिचा आग्रह धरणारे ग्राहक मात्र थोडे.

यंत्राची रोजनिशी

यंत्र रोज सरासरी किती तास वापरले गेले आणि त्यातला किती वेळ शांततेत, किती गोंगाटात गेला, याची नोंद अनेक यंत्रे स्वतःच ठेवतात. ‘रोज लावतो’ आणि ‘कधीच लावत नाहीत’ हा घरोघरचा वाद या नोंदीने मिटू शकतो. पण तिचा खरा उपयोग वेगळाच. यंत्र दिवसातून दोनच तास वापरले जात असेल, तर ते का काढून ठेवावेसे वाटते, याचा शोध श्रवणतज्ज्ञाला घेता येतो.

त्याचे एक कारण म्हणजे पहिल्याच दिवशी पूर्ण आवाज. अनेक वर्षे कमी ऐकण्याची सवय झालेल्या मेंदूला भांड्यांचा खणखणाटही असह्य होतो. म्हणून काही यंत्रांत आवाज काही आठवड्यांत हळूहळू आपोआप वाढवण्याची सोय असते. ती सुरू आहे की नाही, हे विचारायला हवे. कानात सतत गुणगुण ऐकू येण्याचा त्रास असणाऱ्यांसाठी सौम्य ध्वनी सोडणारी सोय, हरवलेले यंत्र शेवटी कुठे होते हे दाखवणारे मोबाइल अॅप, घरबसल्या दुरून जुळणी करून घेण्याची व्यवस्था याही आता अनेक यंत्रांत मिळतात.

सेलच्या बाबतीतले अज्ञान तर थेट खिशाला झळ लावते. बटणासारखे झिंक-एअर सेल हवेवर चालतात. स्टिकर काढल्यावर दोन-चार मिनिटे थांबून ते बसवावेत. एकदा काढलेला स्टिकर पुन्हा लावून सेल वाचत नाही. पिवळा, तपकिरी, केशरी, निळा हे स्टिकरचे रंग अनुक्रमे १०, ३१२, १३ आणि ६७५ या मापांचे असून जगभर तेच वापरले जातात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवणे हा त्याचे आयुष्य वाढवण्याचा स्वस्त उपाय. यंत्र सतत शिट्टी वाजवत असेल, तर कानातील मळ किंवा नीट न बसणारा साचा ही आधी तपासण्याची कारणे.

किंमत कशाची?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२२पासून सौम्य ते मध्यम श्रवणदोष जाणवणाऱ्या प्रौढांना डॉक्टरच्या चिठ्ठीविना श्रवणयंत्र विकत घेण्याची मुभा दिली. सप्टेंबर २०२४मध्ये तर अॅपलच्या एअरपॉड्स प्रो या इअरफोनला श्रवणयंत्रासारखे काम करू देणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तेथे परवानगी मिळाली. यंत्र स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध होण्याकडे हा कल आहे. तो स्वागतार्ह असला तरी त्यामुळे मार्गदर्शनाची गरज कमी होत नाही. नुसता आवाज वाढवणारी स्वस्त उपकरणे आणि कानाच्या आलेखानुसार जुळवलेले श्रवणयंत्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हेही ग्राहकाला कोणीतरी सांगावे लागते.

भारतात श्रवणयंत्राची किंमत आणि जुळणीची सेवा बहुधा एकाच आकड्यात बांधलेली असते. ग्राहक घासाघीस यंत्राच्या किमतीवर करतो. पुढच्या वर्षभरात किती भेटी मिळणार, हा प्रश्न मात्र तो विचारत नाही. गरजूंना यंत्रे देण्यासाठी केंद्राची ‘एडिप’ आणि ज्येष्ठांसाठी २०१७मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. शिबिरांत यंत्रे हाती पडतात, छायाचित्रेही निघतात. तीन महिन्यांनी त्यांपैकी किती कानांत आहेत, याची मोजदाद त्यापेक्षा महत्त्वाची. यंत्रेच वापराची नोंद ठेवू लागल्यावर ही मोजदाद पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही.

मुंबईकरांच्या हाताशी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. १९८३मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत श्रवणचाचणी आणि यंत्राची जुळणी होते. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या श्रवणतज्ज्ञाकडेच जावे, हा साधा नियम पाळला तरी बरेच नुकसान टळते.

घेण्यापूर्वी विचारावे असे

* टेलिकॉइल किंवा ऑराकास्ट आहे काय? असल्यास ती सुरू करून दिली आहे काय?
* किती प्रोग्रॅम आहेत? गोंगाट आणि संगीत यांसाठी वेगळे आहेत काय?
* जुळणीनंतर कानात नलिका घालून प्रत्यक्ष मोजणी होणार काय?
* आवाज हळूहळू वाढण्याची सोय लावली आहे काय?
* पहिल्या वर्षातील किती भेटी किमतीत धरल्या आहेत?

हे पाच प्रश्न विचारण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. पहिल्या भेटीत उत्तरे समाधानकारक मिळाली नाहीत, तर दुसऱ्या श्रवणतज्ज्ञाकडे जाण्याची मोकळीक ग्राहकाला आहेच. ज्यांचे यंत्र आधीच कपाटात पडून आहे, त्यांनी नवे घेण्यापूर्वी तेच घेऊन श्रवणतज्ज्ञाकडे एक फेरी मारावी. ऐकण्याच्या ज्या सोयीसाठी नव्याने खर्च करण्याची तयारी चालली आहे, ती त्याच जुन्या यंत्रात बंद अवस्थेत असण्याची शक्यता बरीच आहे.